गाडी कोणाच्या सोयीची?

मैत्रिणींनो, सहलीला जायचं ठरलं की आपल्या घरी पहिली चर्चा कशाची होते? पुरुषमाणसं किती किलोमीटर आणि किती रुपये याचा हिशेब मांडतात, मुलं खिडकीची जागा वाटून घेतात आणि आपण चिवड्याला किती पोहे लागतील ते मोजायला बसतो. गाडी कोणती, हा प्रश्न आपला नाहीच असं आपण धरून चालतो. मीही कालपरवापर्यंत तेच धरून चालले होते. पण गेल्या दिवाळीच्या सुट्टीत आमच्या घरची गाडी मी ठरवली! त्याची ही हकीकत.

मी अकोटची. बी.ए. झालेली, घर सांभाळून एका शाळेत तासिका तत्त्वावर मराठी शिकवते. घरात आम्ही दोघं, आमची दोन मुलं आणि सासूबाई. दीर-जाऊ त्यांच्या दोन मुलांसह अकोल्याला असतात.

सासूबाईंना ओंकारेश्वरची फार ओढ. पूर्वी अकोटहून ते अगदी सोपं होतं. आमच्या गावावरून अकोला-खांडवा ही मीटरगेजची आगगाडी जायची. अकोटला बसावं आणि खांडव्याच्या पुढे ओंकारेश्वर रोडला उतरावं. वाटेत सातपुड्यात धूळघाटला गाडी स्वतःलाच वळसा घालून डोंगर चढते, ते सासूबाई नातवंडांना हातवारे करून सांगतात. २०१७ च्या सुरुवातीला रूळ रुंद करण्यासाठी ती गाडी बंद झाली. पुढे २०२२ च्या नोव्हेंबरात अकोला ते अकोट ब्रॉडगेजची गाडी सुरू झाली, पण अकोटच्या पुढे खांडव्याकडे जायला आम्ही निघालो तेव्हाही गाडी नव्हतीच. “आता कायचं होते माय ओंकारेश्वर!” असं म्हणून सासूबाईंनी विषय मिटवून टाकला होता.

ह्यांनी तो उघडला. “यंदा दिवाळीत आईला नेऊन आणू. सगळेच जाऊ.” नणंदबाईही यायच्या म्हणाल्या. मोजली तर दहा माणसं झाली.

आता गाडी. ह्यांच्या मित्राच्या ओळखीतल्या दोन घरगुती गाड्या होत्या. “डिझेल घाला, वर थोडे पैसे द्या, झालं. निम्म्यात काम होते.” दीरही खूश. मी मात्र गप्प बसले, कारण मला दोन वर्षांपूर्वीचं नागपूरचं लग्न आठवलं.

त्या लग्नाला आम्ही अशाच एका ओळखीच्या गाडीने गेलो होतो. मागच्या सीटवर तिघी, मांडीवर मुलं, पायाशी पिशव्या. सासूबाई खिडकीशी. सकाळी सहाला निघालो आणि दुपारी पोहोचेपर्यंत त्यांनी घोटभर पाणी घेतलं नाही. मी दोनदा बाटली पुढे केली. “मले तहान नाई वं,” एवढंच. मलाही ते खरं वाटलं! परत आल्यावर तिसऱ्या दिवशी थंडी वाजून ताप, लघवीला जळजळ, आणि मग दवाखान्यात दोन दिवस सलाईन. डॉक्टरीणबाई मला म्हणाल्या, “प्रवासात यांना पाणी का दिलं नाही?” मी काय सांगणार? पाणी दिलं होतं. पण प्यायलं तर उतरावं लागेल, उतरायचं तर मुलाला गाडी थांबवायला सांगावं लागेल, आणि पुढे बसलेल्या परक्या माणसादेखत ते सांगायचं कसं, म्हणून त्या माउलीने तहानच गिळली होती.

सांगायला संकोच वाटतो खरा, पण बायकांच्या साप्ताहिकात नाही सांगायचं तर कुठे? खरं सांगा, तुम्ही स्वतः प्रवासाच्या दिवशी सकाळचा चहा अर्धा कप घेता की नाही?

तेवढ्यात आमच्या चिरंजीवांनी मोबाईलवर एक नवलाची गोष्ट शोधून काढली. कॅराव्हॅन! म्हणजे चाकांवरचं घर. आत झोपायला बिछाने, छोटं स्वयंपाकघर, पाण्याची टाकी आणि चक्क संडास-बाथरूम. परदेशात लोक अशा गाड्या भाड्याने घेऊन महिना महिना हिंडतात. आपल्या महाराष्ट्र सरकारनेही २०२१ साली अशा गाड्यांच्या पर्यटनासाठी धोरण जाहीर केलं आहे. जाऊबाई फोनवरच हरखल्या, “वहिनी, आपण हीच करू या ना!”

क्षणभर मलाही मोह पडला. मग चित्रातला तो चकचकीत ओटा पाहिला आणि हसूच आलं. अहो, वर्षातून चार दिवस ओट्यापासून सुटका मिळते, तर तो चाकं लावून बरोबर न्यायचा? पोळ्या कोण लाटणार, हे का विचारायला हवं! बरं, विनोद सोडला तरी हिशेब जमेना. अशा गाडीत चार-सहा माणसांची सोय, आम्ही दहा. रात्री ती उभी करायला हक्काची जागा लागते, वीज लागते, पाणी भरून घ्यावं लागतं आणि साठलेली घाण टाकी योग्य जागी रिकामी करावी लागते. ओंकारेश्वरच्या गर्दीत आणि सातपुड्याच्या घाटात हे सगळं कोण निस्तरणार? शिवाय आमच्या अकोटात तशी गाडी मिळेना. दुरून मागवायची तर येण्याजाण्याचं भाडंही आपल्याच माथी. नवराबायको आणि दोन मुलं असतील, शांत जागी मुक्काम करायचा असेल आणि खर्चाची तयारी असेल, तर हौसेला ती गाडी छान. आमच्या कामाची नव्हती.

पण त्या गाडीतली एक गोष्ट मनात घर करून राहिली. ती ज्याने कोणी पहिल्यांदा बांधली असेल, त्याने माणसाला प्रवासात काय काय लागतं ते आधी विचारात घेतलं आणि मग गाडी केली. आपण उलटं करतो. आधी गाडी ठरवतो आणि मग माणसांना तिच्यात कोंबतो.

त्या रात्री मी वहीत दहा माणसांची नावं लिहिली आणि प्रत्येकापुढे त्याची गरज. सासूबाई : गुडघे, उंच पायरी नको, वरचेवर थांबणं. जाऊबाईंची धाकटी : घाटात उलटी होते, पुढची जागा. नणंदबाई : कंबर, पाठ टेकायला हवी. अशी यादी झाल्यावर गाडी आपोआपच ठरली. दोन छोट्या गाड्या केल्या की माणसं वाटली जातात. एक पुढे, एक मागे, आणि थांबायचं तर दोन्हीकडे फोनाफोनी. त्यापेक्षा एकच बारा सीटची ट्रॅव्हलर बरी. आपण तिला अजून टेम्पो ट्रॅव्हलर म्हणतो, कारण ती बनवणारी पुण्याची कंपनी पूर्वी बजाज टेम्पो होती. २००५ साली तिचं नाव फोर्स मोटर्स झालं. मधे चालायला वाट, प्रत्येकाला स्वतंत्र खुर्ची, आणि दोन सीट रिकाम्या राहतात त्यावर कोणाला आडवं होता येतं.

ह्यांना सांगितलं. “इतका खर्च कायले? आईले विचार, ती नाहीच म्हणेल.”

“त्या नाही म्हणतीलच,” मी म्हटलं. “त्या नागपूरलाही तहान नाही म्हणाल्या होत्या.”

ह्यांचा चेहरा उतरला. दवाखान्यातले दोन दिवस त्यांनाही आठवले असतील. तरी पैशाचा प्रश्न होताच. फरक पाच हजारांचा होता. मी कपाटातून माझ्या तासिकांचे साठवलेले पैसे आणून टेबलावर ठेवले. मैत्रिणींनो, लग्नाला बारा वर्षं झाली, पण “हे माझे पैसे, आणि ते अशा कामाला लावायचे” असं मी पहिल्यांदाच म्हटलं. हे थोडा वेळ त्या नोटांकडे पाहत राहिले आणि म्हणाले, “अर्धे ठेव. अर्धे माझे.”

गाडी ठरवताना मी जे विचारलं, ते तुमच्याही उपयोगी पडेल म्हणून सांगते.

पहिलं, पाटी. भाड्याच्या गाडीची नंबरप्लेट पिवळी आणि त्यावर काळी अक्षरं असतात; स्वतः चालवायला भाड्याने मिळणाऱ्या गाडीची काळी, त्यावर पिवळी अक्षरं. पांढऱ्या पाटीची घरगुती गाडी भाड्याने देणं नियमात बसत नाही, आणि अपघात झालाच तर खाजगी गाडीचा विमा भाडोत्री वापराला लागू होत नाही. स्वस्तातली गाडी तिथे फार महाग पडते.

दुसरं, परमिट. ओंकारेश्वर मध्य प्रदेशात. गाडीला ऑल इंडिया टुरिस्ट परमिट आहे का ते विचारा. केंद्र सरकारने यासाठी २०२१ साली नियम केले आणि २०२३ मध्ये ते नव्याने आणले. असं परमिट असलं की दर राज्याच्या सीमेवर वेगळा कर भरत बसावं लागत नाही. नाही तर सीमेवर गाडी अडते आणि पोरं उन्हात भुकेजतात.

तिसरं, फिटनेस. भाड्याची गाडी आठ वर्षांची होईपर्यंत दर दोन वर्षांनी आणि नंतर दरवर्षी तपासून घ्यावी लागते. एम-परिवहन या सरकारी ॲपवर गाडीचा नंबर टाकला की फिटनेस, विमा यांच्या तारखा दिसतात. मी तो नंबर टाकला, तेव्हा गाडीवाले भाऊ माझ्याकडे जरा चमकूनच पाहू लागले!

चौथं, भाडं. दिवसाला कमीत कमी किती किलोमीटर धरणार, किलोमीटर गाडीवाल्याच्या दारापासून मोजणार की आपल्या, टोल, पार्किंग, ड्रायव्हरचा भत्ता आणि मुक्काम कोणाकडे, हे आधी कागदावर लिहून घ्या. तोंडी बोलणं परतीच्या दिवशी बदलतं.

पाचवं, स्वतः गाडीत बसून पाहा. फोटो पाहून साडीसुद्धा घेऊ नये, गाडी तर नाहीच. आमच्या गाडीची पायरी सासूबाईंना उंच पडत होती. मग मी न्हाणीतला लाकडी पाट बरोबर घेतला. दारापुढे पाट ठेवला की एक पायरी तयार! प्रत्येक सीटचा पट्टा लागतो का, तेही पाहून घ्या.

आणि शेवटचं, माझ्या मते सर्वांत मोठं. निघण्याआधी मी ड्रायव्हर भाऊंना म्हटलं, “भाऊ, दर दीड तासाला गाडी थांबवायची. कोणी म्हणो न म्हणो. पंप किंवा बरी जागा पाहून, दहा मिनिटं.” ते म्हणाले, “ताई, मलेबी बरं. पाय मोकळे होतात.” म्हणजे पाहा, त्यांनाही कोणी विचारलं नव्हतं.

मेळघाटातून हरिसाल-धारणीचा रस्ताही आहे, पण जंगलात थांबायच्या जागा कमी आणि वळणं फार. म्हणून आम्ही हिवरखेड, जळगाव जामोद करत सातपुडा ओलांडला आणि बऱ्हाणपूरला उतरलो. पुढे असीरगडचा किल्ला उजेडात दिसला, मग खांडवा. साधारण अडीचशे किलोमीटर, पण थांबत थांबत दिवस सरला. पहिल्या थांब्यावर सासूबाई उतरल्या नाहीत. “मले काई गरज नाई.” आम्ही सगळ्याच उतरलो, जाऊबाई, नणंदबाई, मी, मुलीसुद्धा. गाडी उभी राहिली, कोणी घाई केली नाही. दोन मिनिटांनी दारातून आवाज आला, “तो पाट ठेव वं जरा.”

खांडव्याच्या पुढे त्यांनी आपण होऊन पाण्याची बाटली मागितली. मी ती दिली आणि खिडकीबाहेर पाहू लागले. डोळे भरून आले होते, ते कोणाला दिसू नयेत म्हणून.

दुसऱ्या दिवशी सकाळी नर्मदेत सूनबाईंचा हात धरून त्यांनी तीन बुड्या मारल्या, नावेतून पलीकडे जाऊन ओंकारेश्वराचं दर्शन घेतलं, अलीकडे ममलेश्वराचंही. आरतीच्या वेळी नातवंडांना जवळ घेऊन बसल्या. आठ-नऊ वर्षांची ओढ होती ती.

परतताना अकोट जवळ आलं तेव्हा त्या ह्यांना म्हणाल्या, “गाडी बेस होती रे बाप्पा. आगगाडीसारखी. जेव्हा लागन तेव्हा उठता येत होतं.”

हे काही बोलले नाहीत. घरी आल्यावर मात्र त्यांनी तो पाट धुऊन, पुसून, न्हाणीत न ठेवता माडीवर प्रवासाच्या पेटीवर नेऊन ठेवला.

तर मैत्रिणींनो, पुढच्या वेळी घरात गाडीची चर्चा निघाली की चिवड्याचे पोहे जरा बाजूला ठेवा आणि वही घेऊन बसा. प्रत्येकाचं नाव लिहा, त्यापुढे त्याची गरज लिहा. आणि त्या यादीत स्वतःचं नाव लिहायला विसरू नका. मी विसरले होते. दहा नावांत अकरावी ओळ ड्रायव्हर भाऊंची घातली, तेव्हा लक्षात आलं की माझ्या नावापुढची जागा कोरीच आहे. मग तिथे लिहिलं : “सकाळचा चहा, पूर्ण कप.”