गढ्याच्या गल्लीत नवी गाडी

नवे वाहन घेणाऱ्या माणसाला पहिली सवय करावी लागते ती सल्ल्यांची. गेल्या दसऱ्याला, म्हणजे 2 ऑक्टोबर 2025 रोजी, मी नागपुरात एक छोटी मोटारगाडी घेतली आणि त्याच दिवसापासून आमच्या कार्यालयातील शिपायापासून मुख्य संपादकांपर्यंत प्रत्येकाने मला काही ना काही बजावून ठेवले. पहिले हजार किलोमीटर वेग वाढवू नये. एकाच वेगाने फार वेळ चालवू नये. क्लचवर पाय ठेवून बसू नये. आणि पहिला ओरखडा उमटेल तेव्हा डोळ्यांत पाणी आणू नये. यांतील पहिले तीन सल्ले गाडीबरोबर मिळालेल्या पुस्तिकेतही होते. चौथा नव्हता, आणि नेमका तोच पुढे उपयोगी पडायचा होता.

गाडीचे नाव मी सांगत नाही, कारण ते महत्त्वाचे नाही. आपल्याकडील सर्व छोट्या गाड्यांचा बांधा एकाच नियमाने घडला आहे. चार मीटरांपेक्षा कमी लांबी आणि पेट्रोलचे इंजिन 1200 घनसेंटीमीटरांपर्यंत, एवढे जिच्यात असेल तिच्यावर कर कमी, असे धोरण 2006 पासून आहे. म्हणून या गाड्यांची शेपूट मागे आखूड कापल्यासारखी दिसते आणि डिकीऐवजी वर उघडणारा एक दरवाजा असतो. गेल्या वर्षी 22 सप्टेंबरला, नवरात्राच्या पहिल्याच दिवशी, अशा गाड्यांवरील वस्तू व सेवा कर 28 टक्क्यांवरून 18 टक्क्यांवर आला. भाषांतर करून पोट भरणाऱ्या माझ्यासारखीला तेवढ्यानेच हिशेब जुळवता आला, तोही कर्जासह.

कर्जाचे मी घरी कळवले नव्हते. घर म्हणजे जबलपूरजवळचे, आता जबलपुरातच सामावून गेलेले गढा. ते आईचे माहेर. वडिलांनी 1978 पासून निवृत्तीपर्यंत जबलपूरच्या वाहन कारखान्यात नोकरी केली, आयुष्य कारखान्याच्या वसाहतीत काढले, आणि निवृत्त झाल्यावर दोघे मामांच्या रिकाम्या पडलेल्या घरात राहावयास आले. हजारो लष्करी मालमोटारी ज्या हातांखालून गेल्या त्या माणसाने स्वतः कधी मोटार घेतली नाही, चालवावयासही शिकला नाही. सायकल आणि त्यानंतर एक स्कूटर, एवढीच त्यांची वाहने. कर्ज या शब्दाचा त्यांना तिटकारा आहे. तेव्हा दिवाळीला गाडीनेच जावे आणि जे व्हायचे ते समोरासमोर होऊ द्यावे, असे मी ठरविले.

नागपूरहून गढ्याला जाणे म्हणजे सुमारे 270 किलोमीटरांची वाट. मनसर, देवलापार, मग खवासा येथे राज्याची सीमा. सीमेच्या अलीकडे पेंचच्या जंगलात महामार्ग ठिकठिकाणी खांबांवर उचलून घेतला आहे. खालून हरिणांनी, गव्यांनी, वाघांनी निर्धास्त जावे म्हणून अशा नऊ जागा केल्या आहेत, त्यांतील सर्वांत लांब साडेसातशे मीटरांची. ताशी सत्तरच्या वेगाने मी त्यावरून जात होते आणि मागून येणारा प्रत्येक ट्रक भोंगा वाजवून मला आपले मत कळवीत होता. सिवनी, छपारा, लखनादौन. तेथे उजवीकडे जबलपूरची वाट फुटते. धूमा आणि बरगी मागे पडले की तिलवारा घाटाचा पूल येतो आणि खाली नर्मदा दिसते. 1939 चे त्रिपुरी काँग्रेस अधिवेशन याच परिसरात भरले होते. पूल ओलांडला की वैद्यकीय महाविद्यालयाच्या इमारती, आणि मग गढा.

गढ्याचे वर्णन करणे अवघड आहे, कारण प्रथमदर्शनी ते कोणत्याही वाढत्या शहराच्या उपनगरासारखेच दिसते: औषधांची दुकाने, कोचिंग वर्गांच्या पाट्या, पोह्या-जिलबीच्या गाड्या. पण मुख्य रस्ता सोडून आत वळावे, म्हणजे पायाखालची जमीन जुनी आहे हे कळू लागते. मध्य भारतातील गोंड राज्याची ही राजधानी होती. गढा-मंडला या जोडनावातील पहिले नाव हेच. सोळाव्या शतकाच्या आरंभी संग्रामशाहाने बावन्न गढांचे राज्य येथून उभे केले. त्याच्या नावाचा संग्रामसागर तलाव आणि त्याच्या काठचा बाजनामठ आजही आहेत. राणी दुर्गावती ही त्याचीच सून. 1564 मध्ये मोगल सैन्याशी लढताना ती पडली. पुढे राजधानी रामनगरला आणि तेथून मंडल्याला गेली. 1781 मध्ये सागरच्या मराठ्यांनी हे राज्य घेतले. 1798 पासून 1817 पर्यंत हा मुलूख नागपूरकर भोसल्यांकडे होता. ज्या वाटेने मी गाडी घेऊन आले त्याच बाजूने तेव्हा भोसल्यांचे घोडेस्वार येत असणार. त्यांना मागून कोणी भोंगा वाजविला नसेल, एवढाच फरक.

गोंड राजे गेले, पण त्यांचे तलाव राहिले. देवताल, सुपाताल, गंगासागर ही नावे गढ्याच्या माणसाच्या तोंडी पत्त्यासारखी येतात. आमचे घरही ‘तलावापासून तिसरी गल्ली’ याच पत्त्यावर सापडते. आणि त्या गल्लीनेच माझी पहिली परीक्षा घेतली. बैलगाडीही जेथे जपून जात असेल अशा वाटेवर दोन्ही बाजूंना ओटे, त्यांवर उन्हात घातलेली वाळवणे, मध्ये एक गाय. गाडीची रुंदी मला पुस्तिकेतून मिलिमीटरांत पाठ होती. गल्लीची कोणत्याही पुस्तिकेत नव्हती. पंधरा-वीस हात आत गेल्यावर उजवीकडून एक दीर्घ, खरखरीत आवाज आला. तो आवाज मी आयुष्यात विसरणार नाही.

खाली उतरून पाहिले. मागच्या दाराच्या खालच्या अंगाला वीतभर लांब पांढरी रेघ. ओट्याच्या दगडाला काहीही झाले नव्हते. शेजारच्या काकू घाईने बाहेर आल्या, आधी वाळवणाकडे पाहिले, मग गाडीकडे आणि शेवटी माझ्याकडे. “अरे बिटिया, तुम!” एवढे म्हणून त्यांनी वडिलांना हाक मारली.

वडील आले. मला वाटले होते, प्रथम विचारतील, ‘गाडी कोणाची?’ त्यांनी काहीच विचारले नाही. खिशातून रुमाल काढला, रेघेवरून अंगठा फिरविला आणि म्हणाले, “पत्र्याला पोच नाही. नुसता रंग गेला आहे. मागे घे. चाक सरळ ठेव. मी सांगतो.” ते मागे उभे राहिले. हाताच्या खुणांनी त्यांनी मला इंच इंच मागे घेतले आणि तलावाजवळच्या मोकळ्या जागेत गाडी लावून दिली. ज्या माणसाला गाडी चालविता येत नाही त्याने इतकी अचूक दिशा कशी द्यावी, याचे मला आश्चर्य वाटले. नंतर कळले की कारखान्यात तयार मालमोटार रांगेतून बाहेर काढताना खुणा करणारा एक माणूस लागतो, आणि पुष्कळ वर्षे ते काम त्यांच्याकडे होते. “चालवणारे वेगळे असत,” ते म्हणाले.

चहा झाल्यावर ते पुन्हा तलावाकडे गेले. मी पाठोपाठ गेले. “झाकण उघड,” म्हणाले. इंजिन सुरू करायला लावले, कान देऊन ऐकले आणि विचारले, “तीनच सिलिंडर?” मी होय म्हटले. “म्हणून डोलते.” मग त्यांनी मला समजावून सांगितले. दट्ट्ये तीन असले की दोन टोकांचे हिसके एकमेकांना पुरते खोडून काढीत नाहीत, म्हणून इंजिन उभ्या गाडीत किंचित झुलत राहते. तो दोष नव्हे, स्वभाव आहे. 14 डिसेंबर 1983 रोजी ज्या मारुती 800 च्या पहिल्या किल्ल्या दिल्या गेल्या तिलाही तीनच सिलिंडर होते. “आमच्या वसाहतीत पहिली एका साहेबांनी घेतली,” ते म्हणाले, “तेव्हा आम्ही सगळे सुटीच्या दिवशी ती पाहायला गेलो होतो. धुण्याच्या निमित्ताने.”

त्या रात्री मी कर्जाचे सांगितले. आईने माझ्याकडे आणि मग त्यांच्याकडे पाहिले. ते बराच वेळ बोलले नाहीत. मग विचारले, “किती वर्षांचे?” मी म्हटले, “पाच.” “हप्ता पगाराच्या किती?” मी सांगितले. “पेट्रोल धरलेस?” ते मी पुरेसे धरले नव्हते. त्यांनी जुनी वही काढली, पान आखले आणि टाकी भरून टाकी भरेपर्यंतचा हिशेब कसा ठेवायचा ते लिहून दाखविले. गाडी विकणाऱ्याने सांगितलेला आकडा मानू नये, गाडीच्या पडद्यावर दिसणाराही मानू नये. पंपावर काठोकाठ भरावे, किलोमीटर लिहावे, पुन्हा काठोकाठ भरावे आणि भागाकार करावा. रागावणे त्यांना जमत होते, पण वहीचे पान त्यांना अधिक जवळचे होते. ती रात्र तेवढ्यावर सुटली.

दुसऱ्या दिवशी आईच्या इच्छेप्रमाणे गाडी तिलवाऱ्याला नेली. नर्मदेचे पाणी गाडीवर शिंपडले, चाकांखाली लिंबे ठेवली. परतताना आई म्हणाली, “मदनमहालाकडून जाऊ या.” गुडघ्यांमुळे तिने तो डोंगर कित्येक वर्षांत पाहिला नव्हता, माहेरची मुलगी असून डोंगर खालूनच पाहायचा, याची तिला खंत होती. मदनमहाल म्हणजे एका प्रचंड शिळेच्या डोक्यावर बांधलेली गोंडांची छोटी गढी. तिथवर पायऱ्या चढाव्या लागतात. तेवढे शक्य नव्हते. पण वाटेवरचा तो तोललेला खडक गाडीतून उतरून चार पावलांवर आहे. ग्रॅनाइटचा एक अजस्र गोटा दुसऱ्या शिळेवर इतक्या थोड्या जागेवर टेकला आहे की ढकलावा आणि पडावा. 22 मे 1997 च्या भूकंपात जबलपुरात घरे कोसळली, माणसे गेली. हा खडक हलला नाही. तेव्हा मी शाळेत होते. वसाहतीच्या मैदानात आम्ही रात्री काढल्याचे मला आठवते. आई खडकाला हात लावून उभी राहिली. चढावर गाडी थांबवून पुन्हा सुरू करण्याची कला मला अजून साधली नव्हती. गाडी दोनदा बंद पडली, मागे एक रिक्षा थांबली. “हातब्रेक ओढ. क्लच अर्धा. आवाज जड झाला की ब्रेक सोड,” वडील शांतपणे म्हणाले. आवाज जड झाला आणि गाडी चढली.

मग ते स्वतःहून म्हणाले, “नव्या पुलावरून जाऊ या का?”

ऑगस्ट 2025 मध्ये मदनमहालापासून दमोह नाक्यापर्यंत सुमारे सात किलोमीटरांचा उड्डाणपूल खुला झाला. त्याला राणी दुर्गावतीचे नाव आहे. मदनमहाल स्थानकाच्या रुळांवरून तो तारांच्या आधाराने जातो. खाली ज्या चौकांत आमच्या लहानपणी स्कूटरवर तिघे बसून आम्ही घामाघूम होत असू ते चौक कौलांच्या उंचीवरून पाहताना आई हसू लागली. वडील पुढे पाहत होते. दमोह नाक्याला उतरल्यावर मी परत फिरणार तोच ते म्हणाले, “अधारताल. मग रिछाई.” मला कळले, पण मी काही बोलले नाही.

जबलपूरला मालमोटारी घडू लागल्या त्या आधी 1904 सालच्या तोफगाडी कारखान्यात, मान या जर्मन कंपनीशी झालेल्या करारातून. त्यांना ‘शक्तिमान’ नाव दिले होते. 1969 मध्ये स्वतंत्र वाहन कारखाना सुरू झाला. ‘जोंगा’ ही लष्कराची जीप इथलीच. त्या नावात जबलपूरचे आद्याक्षर आहे असे कारखान्यातील माणसे अभिमानाने सांगतात. शक्तिमान 1996 मध्ये थांबली. पुढे ‘स्टॅलियन’ आली. 2021 मध्ये आयुध निर्माणी मंडळ मोडून सात कंपन्या झाल्या आणि वाहन कारखाना त्यांपैकी एकीकडे गेला. तोवर वडील निवृत्त झाले होते. फाटकावरची पाटी बदलल्याचे त्यांनी केवळ ऐकले होते.

फाटकासमोर रस्त्याच्या पलीकडे मी गाडी थांबविली. ते उतरले. पहारेकरी तरुण होता. त्याने येथे थांबू नये अशी खूण केली. वडिलांनी मान हलविली, पाटी सावकाश वाचली आणि गाडीकडे वळले. दार उघडण्याआधी मागे जाऊन त्यांनी ती पांढरी रेघ पुन्हा एकदा पाहिली.

“याला थोडा रंग मिळेल ना?” मी विचारले.

“मिळेल. मीच लावतो. एकाच हातात नको, दोन हात द्यावे लागतील.”

परतीच्या वाटेवर त्यांनी अधारतालच्या एका दुकानातून रंगाची कुपी आणि पॉलिश कागद घेतला. संध्याकाळी तलावाजवळ गल्लीतली मुले भोवती जमली असता ते मांडी घालून बसले होते. पहिला हात वाळेपर्यंत कोणी गाडीला हात लावू नये, असे त्यांनी मुलांना हिंदीत बजावले. रात्री दंव पडेल म्हणून घरातून स्कूटरचे जुने आच्छादन आणले. ते गाडीच्या निम्म्या टपापर्यंतच पोहोचले. वडिलांनी त्याची दोन टोके मागच्या चाकांना सुतळीने बांधली, रंगविलेली बाजू झाकली आहे याची खात्री केली आणि वहीत त्या दिवसाचे किलोमीटर लिहून घेतले.