चवीला आठ, औषध म्हणून शून्य

"डॉक्टर, बीअर घेतली की मुतखडा पडतो ना?" सांगली-साताऱ्याकडे ओपीडीत हा प्रश्न नेहमीचा आहे. उन्हाळ्यात तर जास्तच. माण, खटाव, आटपाडी, जत या कोरड्या पट्ट्यात दिवसभर उन्हात काम आणि पिण्यात पाणी कमी, त्यामुळे लघवी घट्ट होते आणि खडे व्हायला वाव मिळतो. विचारणाऱ्याला पुष्कळदा उत्तर नको असते, परवानगी हवी असते. म्हणून आज बीअरबद्दल सरळ बोलू. आधी चवीला गुण देऊ, मग औषधाच्या दाव्याला.

मी वर्षातून एखाद-दुसऱ्या वेळी घेतो. अलीकडे म्युनिकहून आलेल्या मित्राने आयिंगर ब्रुअरीची 'ऑक्टोबर फेस्ट मेर्त्सन' आणली होती. अर्ध्या लिटरची बाटली, अल्कोहोल ५.८ टक्के. ती आम्ही दोघांनी वाटून घेतली.

मेर्त्सन म्हणजे मार्चची. फ्रीज नसलेल्या काळात उन्हाळ्यात बीअर नासायची, म्हणून बव्हेरियातले लोक मार्चपर्यंत ती बनवून थंड तळघरात साठवत. 'लागर' या शब्दाचा अर्थही साठवणे असाच आहे. १८४१ च्या सुमारास व्हिएन्नात आंतोन द्रेहर आणि म्युनिकमध्ये गाब्रिएल झेडल्मायर यांनी या तांबूस लागरला आजचे रूप दिले. १८७२ पासून ती म्युनिकच्या ऑक्टोबरफेस्टमध्ये मिळू लागली.

रंग मधाहून गडद, काकवीहून फिकट. वास भाजलेल्या पावाच्या कडेसारखा खरपूस. पहिल्या घोटाला मला आठवला तो साताऱ्याचा कंदी पेढा! त्यातला गोडवा नव्हे, भाजलेल्या खव्याची चव. शेवटी हॉप्सच्या फुलांचा हलका कडवटपणा येतो आणि तोंड कोरडे, स्वच्छ राहते. दोन गुण कापले. ग्लास कोमट झाल्यावर ती जड लागली, आणि मागे ओल्या पुठ्ठ्याचा पुसट वास होता. बीअर जुनी झाल्याची ती खूण. चवीला दहापैकी आठ.

कंदी पेढा आठवला याला कारण आहे. खवा भाजताना दुधातली प्रथिने आणि दुधातली साखर उष्णतेने एकमेकांशी जोडली जातात. त्यातून तपकिरी रंग आणि खरपूस वास तयार होतो. १९१२ मध्ये लुई कामिय मेयार यांनी ही क्रिया मांडली, तेही डॉक्टरच होते. बीअरसाठी जव भिजवतात, मोड आणतात, वाळवतात आणि गरम हवेत भाजतात. आपल्याकडे नाचणीचे सत्त्व करतानाही मोड आणणे आणि वाळवणे हेच असते. मोड येताना धान्यातली एन्झाइम्स जागी होतात आणि स्टार्चची साखर करू लागतात. पुढे यीस्ट त्या साखरेतली बरीचशी खाऊन अल्कोहोल बनवते. म्हणून वास गोडसर असला तरी गोडी कमी लागते.

आता औषधाचा दावा. लघवीला जळजळ झाली की घरी बार्लीचे पाणी देतात. बीअर बार्लीचीच, म्हणून तीही औषध, असा हा हिशेब. पण मधे यीस्ट येऊन गेले हे त्यात विसरले जाते. अल्कोहोल मेंदूतून येणारे पाणी राखणारे हार्मोन दाबते, म्हणून लघवी जास्त होते. त्यानंतर शरीर कोरडे पडते. शिवाय बीअरमुळे युरिक ॲसिड वाढते, आणि काही खडे युरिक ॲसिडचेच असतात.

"पण माझा खडा बीअरनेच पडला," असे सांगणारे भेटतात. ते खोटे बोलत नाहीत. ५ मिलिमीटरपेक्षा लहान खडे बहुतेक वेळा आपोआप पडतात. त्या आठवड्यात जे घेतले असेल, त्याला श्रेय मिळते. काही मोठ्या पाहणींत बीअर पिणाऱ्यांमध्ये खड्यांचे प्रमाण कमी दिसले, हेही खरे. पण त्यावरून तयार झालेला खडा बीअरने फुटतो किंवा सुटतो असे सिद्ध होत नाही.

माझ्याकडे एक द्राक्षबागायतदार आले होते. खडा असल्याचे कळल्यावर त्यांनी तीन आठवडे रोज संध्याकाळी एक स्ट्राँग बाटली घेतली. दुखायचे थांबले, म्हणून खडा पडला असे समजले. सोनोग्राफीत खडा मूत्रनलिकेत तसाच अडकलेला होता आणि किडनी सुजली होती. वेदना थांबली म्हणजे अडथळा गेला असे नसते. खडा काढावा लागला. किडनी वाचली, पण खडा काढल्यावरही संध्याकाळची बाटली सुटायला वर्ष गेले.

मला खरी भीती याची वाटते. मौज म्हणून घेतलेला ग्लास कधी थांबवायचा हे माणसाला कळते. औषध म्हटले की रोज घेण्याला कारण मिळते, आणि घरचेही गप्प बसतात. आपल्या राज्याच्या दारूबंदी कायद्यातसुद्धा 'आरोग्य परवाना' असा प्रकार आहे. त्या शब्दावर जाऊ नका.

आकडे पाहा. ती अर्धा लिटर मेर्त्सन म्हणजे सुमारे २३ ग्रॅम अल्कोहोल. आठ टक्क्यांची ६५० मिलिलिटरची बाटली म्हणजे ४१ ग्रॅम. यकृत तासाला साधारण ७ ते ८ ग्रॅम हाताळते, म्हणजे त्या एका बाटलीला पाच-सहा तास. अल्कोहोलमुळे कॅन्सर होतो हे सिद्ध आहे, आणि पूर्ण सुरक्षित असे प्रमाण नाही असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. म्हणून औषध म्हणून दहापैकी शून्य.

मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइड घेत असाल तर अल्कोहोलने साखर धोकादायकरीत्या खाली जाऊ शकते. गाऊट, यकृताचा आजार, गरोदरपण किंवा मेट्रोनिडाझोलचा कोर्स असेल तर बीअर अजिबात नको. जे पीत नाहीत त्यांनी आरोग्यासाठी सुरू करू नये.

खडा असेल तर दिवसाला दोन ते अडीच लिटर लघवी होईल इतके पाणी प्या, म्हणजे उन्हात काम करणाऱ्याला तीन लिटरपेक्षा जास्तच. लिंबूपाणी चालेल, मीठ कमी ठेवा. आणि ताप, थंडी, उलट्या किंवा लघवी बंद होणे यांपैकी काहीही झाले तर त्याच दिवशी दवाखाना गाठा, रात्र असली तरी.