पाच पोर्टांचे गृहस्थ

या, ओळख करून देतो. टीव्हीच्या कपाटामागे, वायरींच्या गुंत्यात बसलेले हे गृहस्थ म्हणजे पाच पोर्टांचा गिगाबिट स्विच. तळहातावर मावणारी देहयष्टी, किंमत हजार-बाराशेच्या घरात. घरच्या नेटवर्कची गोष्ट निघाली की कौतुक होतं ते राऊटरचं, आणि चार-चार अँटेना उभारून तो दिवाणखान्यात मिरवतोही. पण खिसा बेताचा असेल तर पैसे मिरवणाऱ्यावर न उधळता यांना घरी आणावं, असं माझं ठाम मत आहे.

स्वभाव अबोल. यांना पासवर्ड नाही, ॲप नाही, सेटिंगची भानगड नाही. वायर टक् करून बसली की दिवा लुकलुकतो, तीच ओळखपाळख. अंगात पंखा नाही, त्यामुळे रात्रीसुद्धा आवाज नाही.

स्मरणशक्ती मात्र पक्की. जुन्या काळचा हब एकाचा निरोप घरभर ओरडून सांगायचा. हे तसं करत नाहीत. कुठल्या यंत्राचा पत्ता कुठल्या पोर्टावर, हे टिपून ठेवतात आणि वाड्यातल्या जुन्या पोस्टमनसारखा निरोप नेमक्या दारी टाकतात. कुणी साधारण पाच मिनिटं गप्प राहिलं की त्याचं नाव खोडतात आणि तो पुन्हा बोलला की पुन्हा लिहून घेतात. निरोप असे नेमक्या दारीच जातात, म्हणून एका पीसीवरून दुसरीकडे फोटोंचा बॅकअप चालू असतानाही टीव्हीवरचा सिनेमा अडखळत नाही.

घराणं मोठं आहे. १९९०च्या सुमारास कॅलिफोर्नियातल्या ‘कल्पना’ या कंपनीने इथरनेटचा पहिला स्विच बाजारात आणला. पोर्ट सात, वेग १० मेगाबिट. कंपनीला नाव दिलं होतं ते संस्थापकांपैकी एक, विनोद भारद्वाज, यांच्या पत्नीचं. १९९४ साली सिस्कोने ती विकत घेतली. त्या घराण्याचे १००० मेगाबिटवाले वंशज आज मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर थोडी घासाघीस केली की पिशवीत पडतात.

मिजास आहे ती फक्त वायरीच्या बाबतीत. १०० मेगाबिटला तारांच्या दोन जोड्या पुरतात, गिगाबिटला चारही लागतात. एखादी जोडी नीट क्रिंप झालेली नसली की बरेचदा हे तक्रार न करता १०० वर उतरतात. नेट चालू राहतं, त्यामुळे महिनोन् महिने कुणाला पत्ता लागत नाही. काही मॉडेलांत दिव्याचा रंग तेवढी चुगली करतो. बाजारात ‘कॅट सिक्स’ म्हणून ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली केबलही विकतात. ती घेऊ नका. अस्सल तांब्याची कॅट फाइव्ह-ई १०० मीटरपर्यंत गिगाबिट बिनबोभाट नेते. घरात आणखी काय हवं?

संताप एकाच गोष्टीचा. कुणी एकाच वायरीची दोन्ही टोकं यांच्यातच खोचली, की सगळ्यांसाठीचा एखादा निरोप आतल्या आत गरगरत राहतो, दिवे बेभान लुकलुकतात आणि घरभराचं नेट बसतं. हा फेरा तोडण्याची युक्ती रेडिया पर्लमन यांनी १९८५ साली शोधली. पण ती असते महागड्या ‘मॅनेज्ड’ भावंडांकडे. इथे उपाय एकच, वायर उपटा. लगेच शांत होतात, मनात काही ठेवत नाहीत.

घेताना खोक्यावर १०/१००/१००० बघा; नुसतं १०/१०० असेल तर परत ठेवा. पाचातला एक पोर्ट राऊटरकडे जातो. टीव्ही, पीसी, प्रिंटर आणि कॅमेऱ्यांचा रेकॉर्डर आला की घर भरलं, म्हणून पुढे काही जोडायचं मनात असेल तर थोडे जास्त देऊन आठ पोर्टांचा घ्या.

आणि ॲडॉप्टरवर नाव लिहून ठेवा. राऊटरचा बहुधा १२ व्होल्टचा असतो, यांचा अनेकदा ५ चा, आणि पिन सारखीच दिसते. अदलाबदल झाली तर जीव यांचा जातो. मिनी यूपीएस घेतानाही त्याला दोन्ही व्होल्टेजची आउटपुटं आहेत ना, ते दुकानातच बघून घ्या; नाहीतर वीज गेल्यावर राऊटर जागा आणि हे झोपलेले, अशी गत होते.