टिकाऊ सायकलीच्या शोधात : तेरेखोल ते डिचोली

दोन वर्षांपूर्वी आमच्या धर्मग्रामातील एक मासे विकणारी बाई मिस्सा संपल्यावर चर्चच्या आवारात थांबली. मुलगा अकरावीत गेला होता. कॉलेज नऊ किलोमीटरवर, वाटेत चढ-उताराची घाटी, आणि एस. टी.चा भरवसा नाही. मुलाला सायकल हवी होती. तीही साधी नव्हे, तर रुंद टायरांची, गिअरची, पुढच्या चिमट्यात स्प्रिंग असलेली डोंगरी सायकल. "फादर, तुम्ही सायकल चालवता, तुम्हांला कळतं. घेऊ ना?" एवढेच तिने विचारले. मी चित्र पाहिले, किंमत ऐकली आणि 'घ्या' म्हणालो. चौदा हजार रुपये. पाटी डोक्यावर घेऊन दारोदार हिंडणाऱ्या बाईचे ते चौदा हजार होते.

दुसरा पावसाळा सरला तेव्हा ती सायकल त्यांच्या पडवीत भिंतीला टेकून उभी होती. चिमट्यातल्या स्प्रिंगा गंजून बसल्या होत्या, ब्रेकची तार आवरणातच अडकली होती, आणि पायडलवर जोर दिला की साखळी दात्यांवरून उडी मारी. दुकानदाराने सांगितले, "हा भाग उघडत नाही. नवीनच घ्या." बाई मला एका शब्दाने बोलली नाही. तिने चहा पुढे केला आणि पावसाच्या गोष्टी काढल्या. तिने चार शब्द सुनावले असते तर बरे झाले असते.

गेल्या नोव्हेंबरात, मृतांच्या स्मरणाचे विधी व कबरस्तानातील आशीर्वाद आटोपल्यावर, तीन दिवस मोकळे मिळाले. माझी स्वतःची सायकल पोलादी सांगाड्याची, स्प्रिंग नसलेली, अकरा वर्षांची आहे. तिच्यावर बसून पेडणे आणि डिचोली हे गोव्याचे दोन तालुके हिंडून यावे, आणि ज्यांची भाकर सायकलीवर अवलंबून आहे त्यांनाच विचारावे की काय टिकते, असे मनात आले. हा प्रश्न त्या चौदा हजारांच्या आधी विचारायला हवा होता.

हे दोन्ही तालुके गोव्याच्या 'नव्या काबिजादी'तले. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात ते पोर्तुगिजांकडे गेले. पेडणे १७८८ साली. त्यामुळे बारदेश-साष्टीप्रमाणे येथे पावलोपावली चर्च दिसत नाही, आणि आपल्या मराठीला येथे परकेपणा वाटत नाही. सायकलस्वाराला मात्र या प्रदेशाची ओळख निराळ्या तीन गोष्टींनी होते. किनाऱ्याचे खारे वारे, सड्यावरचा जांभा दगड, आणि डिचोलीकडची लोहखनिजाची तांबडी धूळ. त्यांत वर्षाकाठी सुमारे तीन मीटर पाऊस मिळवला म्हणजे सायकलीच्या परीक्षेला उणे असे काही राहत नाही.

रेडीवरून उतरत तेरेखोलला पोहोचलो. नदीच्या उत्तर तीरावरचा हा किल्ला सावंतवाडीकर भोसल्यांचा. १७४६ मध्ये तो पोर्तुगिजांनी घेतला, आणि १५ ऑगस्ट १९५४ रोजी सत्याग्रह्यांनी येथेच तिरंगा फडकवला. आत सांत आंतोनीचे लहानसे चर्च आहे. हरवलेल्या वस्तू शोधून देणारा हा संत. सांगण्यास संकोच वाटतो, पण रेडीच्या उतारावर माझ्या कॅरियरचा एक नट पडला होता आणि मी त्याची मदत मागितली. नट मिळाला नाही. पण धक्क्यावरच्या एका पोराने खिशातून तशाच मापाचा नट काढून दिला आणि पैसे घेतले नाहीत. माझ्या सायकलीचे सारे नट-बोल्ट बाजारी मापाचे आहेत याचे मोल मला तेथे प्रथम कळले.

फेरीबोटीने केरीला उतरून हरमलला मुक्काम केला. तेथील कार्मेल मातेच्या चर्चमध्ये सकाळची मिस्सा करून मांद्र्याच्या वाटेला लागलो, तो मागून रबरी भोंग्याचा 'पों पों' ऐकू आला. पोदेर! गोव्याच्या सकाळीला पाव आणि पोई पोहोचवणारा हा माणूस मला हवाच होता. मागच्या कॅरियरवर वेताची भली मोठी टोपली, तिच्यावर प्लॅस्टिकचे झाकण. वळणावर गाडी थांबली तेव्हा मी दोन उंडे घेतले आणि त्याच्या सायकलीभोवती एक प्रदक्षिणा घातली.

जुन्या इंग्रजी धर्तीची, दांडीच्या ब्रेकची काळी सायकल. हिच्या पुढच्या चाकाला ३२ तारा आणि मागच्याला ४० असतात, कारण भार मागच्यावर पडतो. आजच्या पुष्कळशा डोंगरी सायकलींना दोन्हीकडे ३२ किंवा ३६ असतात. शोभेला तेवढ्या पुरतात, टोपलीला पुरत नाहीत. मी विचारले, ही किती वर्षांची? तो कोकणीत बोलला, त्याचा आशय असा : "सांगाडा बापाचा, बाकी सगळं माझं." धावा तीन वेळा बदलल्या, छर्रे दर पावसाळ्यानंतर, टायर झिजतील तसे. समुद्रकाठच्या वाड्यांतून आले की रोज संध्याकाळी गोड्या पाण्याचा ओला फडका तो साऱ्या सायकलीवरून फिरवतो. तेल शिलाई यंत्राचे. आपल्याकडे घरोघर साखळीला खोबरेल लावतात. ते थंडीत थिजते, एरवी धूळ धरते, आणि तीच धूळ कानशीसारखी साखळी खाते. पोदेराने हे मला हसत हसत सांगितले, तेव्हा आमच्या परसातील बाटलीची मला आठवण झाली.

मांद्र्याहून सड्यावर चढताना माझी छाती भरून आली. मोपाच्या पठारावर आता विमानतळ आहे. २०२२ च्या डिसेंबरात त्याचे उद्घाटन झाले, आणि त्याच्यासाठी झालेले रुंद रस्ते सायकलीला वाकुल्या दाखवतात. त्यांचे वर्णन नको. पेडण्याच्या बाजारात एका म्हाताऱ्या कारागिराचे दुकान होते, तेथे मी दोन तास बसलो. त्याच्यासमोर तीन नव्या डोंगरी सायकली पडल्या होत्या, तिन्ही बाईच्या मुलाच्या सायकलीच्या सख्ख्या बहिणी. त्याने मला एकेक भाग हाती देऊन दाखवला. स्वस्त स्प्रिंगचा चिमटा हा अडीच किलोंचा लोखंडी डोलारा. आत पाणी जाते, बाहेर येत नाही. चांगल्या प्रतीचा स्प्रिंगचा किंवा हवेचा चिमटा निराळा, पण बनवणारेच त्याची खालची नळी दर पन्नास तासांच्या चालवणुकीनंतर उघडून तेल बदलायला सांगतात. रोज कॉलेजला जाणाऱ्या मुलाने ते कुठे करावे? "फादर, ज्याला पाना लागतो ती सायकल मी दुरुस्त करतो," तो म्हणाला, "ज्याला रिवेट मारलंय त्याला मी काय करू?" पोलादी सांगाड्याला तडा गेला तर कोणताही वेल्डर तो सांधतो, ॲल्युमिनियमला हात लावायला पेडण्यात कोणी धजत नाही, असेही त्याने सांगितले.

तेथून चांदेल, इब्रामपूर या अंगाने शापोरा नदी ओलांडून डिचोली तालुक्यात शिरलो. वनश्री दाट, वस्ती विरळ, उतार तीव्र. एका उतारावर ब्रेक दाबून दाबून धावा इतक्या तापल्या की हात लावून पाहिला तो चटकाच बसला, आणि एक गंमतीची हकिगत आठवली. डोंगरी सायकलीचा जन्म अमेरिकेतील कॅलिफोर्नियात, माउंट तामालपायस या डोंगराच्या परिसरात झाला. १९७० नंतरच्या दशकात तेथील तरुण कच्च्या वाटांनी खाली सुटत, आणि त्यासाठी त्यांनी निवडल्या त्या नव्या सायकली नव्हेत, तर १९३०-४० च्या काळातल्या फुगीर टायरांच्या जड श्विन सायकली; कारण बाकीच्या मोडत. २१ ऑक्टोबर १९७६ रोजी तेथे पहिली शर्यत झाली. मागच्या तुंब्यातला ब्रेक इतका तापे की आतले ग्रीस जळून धूर निघे आणि प्रत्येक फेरीनंतर नवे ग्रीस भरावे लागे. त्यावरून त्या उताराचे नावच 'रिपॅक' पडले. पुढे १९९६ मध्ये हा खेळ ऑलिंपिकमध्ये गेला, बाजारात गेला, आणि रुंद टायर हे खडतरपणाचे नुसते सोंग होऊन आमच्या पडवीपर्यंत आले.

अडवलपाल, शिरगाव, मये. लाल धुळीचा मुलूख. २०१२ आणि २०१८ मध्ये येथील खाणी थांबल्या, २०२४ मध्ये डिचोलीत काम पुन्हा सुरू झाले. त्या धुळीने माझी साखळी तासाभरात वाळूच्या कागदासारखी करकरू लागली. डिचोलीतल्या तरुण कारागिराने ती पुसली आणि शाळकरी पोलादी पट्टी लावली. साखळीचा प्रत्येक सांधा अर्ध्या इंचाचा, म्हणजे चोवीस सांधे बरोबर बारा इंच. बारा इंचांवर एक सोळांश इंच वाढ दिसली की साखळी बदलावी. तेवढ्यावर काम भागते. एक अष्टमांश होईपर्यंत थांबलो तर मागचे दातेचक्र, बहुधा पुढचेही, झिजून गेलेले असते, आणि काही शेकड्यांचा खर्च हजारांवर जातो. आमच्या मुलाची साखळी उड्या मारत होती ती याचमुळे. दोन वर्षांत त्याला कोणी पट्टी दाखवली नव्हती. मीही नाही.

संध्याकाळी डिचोलीच्या कृपामातेच्या चर्चमध्ये जपमाळ झाली. इटलीत कोमो सरोवराजवळ गिसाल्लो नावाच्या टेकडीवर मातेचे एक छोटे मंदिर आहे; १९४९ मध्ये पोप बारावे पायस यांनी त्या मातेला सायकलस्वारांची आश्रयदाती म्हणून घोषित केले. भिंतींवर नामांकित खेळाडूंच्या सायकली टांगलेल्या आहेत. त्यांत जीनो बार्ताली यांचीही आहे. १९४३-४४ मध्ये फ्लॉरेन्स आणि असिसीच्या दरम्यान, सरावाच्या मिषाने, सांगाड्याच्या पोकळ नळीत खोटे ओळखपत्र लपवून त्यांनी कितीतरी ज्यू कुटुंबे वाचवली; ते त्यांनी हयातीत फारसे बोलून दाखवले नाही, आणि २०१३ साली इस्राएलने त्यांचा सन्मान केला. जपमाळेच्या वेळी माझे मन त्या नळीकडे गेले, याबद्दल मातेची क्षमा मागतो.

दोडामार्ग, बांदा या वाटेने घरी परतलो तो सरळ त्या पडवीत गेलो. मुलाच्या सायकलीचा सांगाडा पोलादी होता आणि शाबूत होता; एवढी तरी माझ्या सल्ल्याची लाज राखली गेली. आम्ही दोघांनी पाने काढले. पायडलच्या आसातले छर्रे रॉकेलात धुऊन नवे ग्रीस भरले, ब्रेकची तार आवरणासह बदलली. नवे दातेचक्र आणि साखळी माझ्या पैशांनी आली, हे बाईने नाइलाजाने मान्य केले. स्प्रिंगचा चिमटा काढून त्याच उंचीचा साधा पोलादी चिमटा बसवला. सायकल किलोभराने हलकी झाली. मुलाचा चेहरा मात्र पडला. मित्रांत स्प्रिंगची ऐट होती ना! मी त्याला श्विन सायकलींची हकिगत सांगितली. पटली की नाही कोण जाणे.

परवा तो कॉलेजहून येताना चर्चपाशी थांबला, दप्तरातून पट्टी काढली आणि माझ्यासमोरच साखळीला लावली. बारा इंच आणि केसभर. "फादर, पावसाळ्यापर्यंत चालेल," असे म्हणून त्याने पट्टी पुसली आणि तो निघून गेला.