धुक्यातली टेकडी

पहाटे साडेपाच. पुण्याजवळच्या लवळ्यात दाट धुकं. सिंबायोसिस विद्यापीठाची टेकडी रोज खिडकीत असते, आज नाही. वरच्या दिव्यांचा एक ठिपकासुद्धा नाही.

कुणी पाहत नसताना टेकडी असते का? तत्त्वज्ञ बर्कलेने 1710 साली लिहिलं, वस्तूचं असणं म्हणजे तिचं जाणवणं. मग मी पाठ फिरवली की जग विझायला हवं. ते टिकतं, कारण ईश्वर अखंड पाहतो आहे, असं त्याचं म्हणणं. मला हे उत्तर उसनं वाटतं.

ज्ञानदेव 'अमृतानुभवा'त प्रश्नाच्या मुळालाच हात घालतात. द्रष्टा आणि दृश्य असे दोन तुकडे त्यांना मान्यच नाहीत. जग अज्ञानातून उठलेला भास आहे, हेही ते खोडून काढतात. दहा प्रकरणांतलं सर्वांत मोठं, सातवं, त्या अज्ञानाच्या खंडनालाच दिलेलं आहे. एकच चैतन्य पाहणारा होतं आणि पाहिलं जाणारंही. म्हणजे टेकडी खोटी नाही. परकीही नाही.

आई गेल्यापासून हा प्रश्न माझ्यासाठी पुस्तकातला उरलेला नाही. तिची पितळी कळशी ओट्याखाली आहे. अंधारातही माझा हात नेमका तिच्या पोच्यावर जातो. तो पोचा आईच्या हातून विहिरीवर पडला होता, माझ्या जन्माआधी. मी तो पडताना पाहिलेला नाही, तरी बोटांना तो ओळखीचा आहे.

धुकं विरळ होतंय. आधी झाडांचे शेंडे आले, मग एक दिवा.