एक बाजू

लढाऊ विमानाचे पार्श्वदृश्य संगणकावर रेखाटण्यास मी पन्नाशीनंतर, कोलकात्यातील वास्तव्यात शिकलो. विषय निवडला ‘नॅट’. 22 नोव्हेंबर 1971 रोजी याच शहरातील दमदमहून निघालेल्या चार नॅट विमानांनी बोयऱ्याच्या आकाशात पाकिस्तानची दोन सेबर विमाने पाडली होती.

या चित्रप्रकारात यथादर्शनाला स्थान नाही. प्रत्येक माप आराखड्याशी ताडावे लागते. रेषा, रंग, चिन्हे, छाया असे थर एकावर एक चढतात. सुमारे 9 मीटर लांबीचे विमान पडद्यावर वीतभर होते. ज्या पंखांच्या बळावर ते उडाले, ते मात्र अंग चोरून बसतात.

पुढे सेबरही रेखाटावेसे वाटले. पाडलेल्या एका सेबरचे वैमानिक परवेझ मेहदी कुरेशी युद्धबंदी झाले आणि 1997 मध्ये पाकिस्तानी हवाई दलाचे प्रमुख बनले. एका बाजूचे चित्र अचूक असू शकते; पूर्ण नव्हे.