दगडाखालचा डबा

लपाछपी आपण सगळेच खेळतो. त्यात माणसे लपतात. पण या उन्हाळ्याच्या सुट्टीत मी एक नवीनच खेळ पाहिला. त्यात डबा लपतो आणि माणसे त्याला शोधत फिरतात. त्या खेळाला जिओकॅशिंग म्हणतात. नाव अवघड आहे, पण खेळ सोपा आहे.

माझी मावशी भंडारदऱ्याला राहते. हे गाव अकोले तालुक्यात आहे. तेथे प्रवरा नदीवर मोठे धरण आहे. ते १९२६ साली बांधून पूर्ण झाले. धरणामागे पाणीच पाणी आणि चहूकडे सह्याद्रीचे डोंगर! कळसूबाईचे शिखरही जवळच आहे. ते १६४६ मीटर उंच असून महाराष्ट्रात सर्वांत उंच आहे. मे महिना असल्यामुळे पाणी खाली गेले होते. करवंदे मात्र पिकली होती. ती आम्ही पोटभर खाल्ली.

मामाही तेथे आला होता. तो म्हणाला, "माझ्या मित्राने काठावर एक डबा लपवलाय. चला शोधू." त्याच्या फोनवर डब्याचा पत्ता होता. सुमारे साडेएकोणीस अंश उत्तर अक्षांश आणि पावणेचौऱ्याहत्तर अंश पूर्व रेखांश. त्यापुढेही बरेच आकडे होते. पृथ्वीवरच्या प्रत्येक जागेला असा पत्ता असतो. आकाशात सुमारे २०,००० किलोमीटर उंचीवर उपग्रह फिरतात. निदान चार उपग्रहांचे संदेश मिळाले की आपण कोठे आहोत ते फोनला कळते. पूर्वी अमेरिका हे संदेश लोकांसाठी मुद्दाम थोडे चुकीचे ठेवत असे. मे २००० मध्ये ते बंद झाले. लगेच ३ मे रोजी डेव्ह अल्मर यांनी अमेरिकेतील ओरेगॉन राज्यात एक बादली लपवली. तेव्हापासून हा खेळ सुरू झाला.

आम्ही काठाकाठाने चालत गेलो. एका झाडाजवळ मामा थांबला. फोन म्हणे, इथेच! पण डबा कुठेच दिसेना. फोनची पाच मीटर तरी चूक होते आणि झाडाखाली जास्तच होते. पुढचे काम डोळ्यांचे. मी दगड बघू लागले. सगळ्या दगडांवर वाळलेले शेवाळ होते. एकावर मात्र माती चिकटलेली होती. म्हणजे तो कोणीतरी उलटा ठेवला होता. मी ओरडले, "मामा, हा बघ!" मावशी म्हणाली, "हात घालू नकोस गं, विंचू असेल! आधी काठीने हलव." काठीने दगड सरकवला, तर खाली डबा!

डब्यात एक वही, पेन्सिल, शिट्टी, रिबीन आणि परदेशी नाणे होते. शोधणाऱ्याने वहीत नाव आणि तारीख लिहायची. आधी सात जणांनी लिहिले होते. मी आठवी. डब्यातली वस्तू घ्यायची असेल तर तेवढ्याच मोलाची वस्तू आपण ठेवायची. माझ्या धाकट्या भावाला शिट्टी पाहिजे होती. तो रडायलाच लागला. त्याच्याजवळ काहीच नव्हते. माझ्याजवळ आजीने दिलेले पाच सागरगोटे होते. एक दिला तर उरतात चार, आणि चारांत आमचा डाव होत नाही. मी खूप वेळ विचार केला. मग सगळ्यांत गुळगुळीत होता तो सागरगोटा डब्यात ठेवला. शिट्टी भावाला मिळाली. मावशीच्या घरापर्यंत तो ती वाजवतच आला.

मी मामाला विचारले, "डब्याला कुलूप नाही. कोणी नेला तर?" मामा म्हणाला, "नेऊ शकतो. पण जो शोधतो तो परत ठेवतो, म्हणून तर पुढच्याला सापडतो." मला हे फार आवडले. आम्हीही डबा घट्ट लावला आणि दगड होता तसा ठेवला.

मुलांनो, आपणही शाळेत असा डबा लपवूया. फोन नसला तरी चालेल. झेंड्याच्या कट्ट्यापासून पावले मोजू आणि दिशा लिहू. जमिनीत पुरायचा नाही. खाऊ ठेवायचा नाही, मुंग्या लागतात. एक वही मात्र हवीच. शाळेत आलेल्या पालकांनीही शोधावा आणि वहीत नाव लिहावे. परत ठेवायला मात्र विसरू नये!